औद्योगिक सुरक्षितता आणि कामगारांचा सहभाग

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, संस्थेचा अहवाल व जमाखर्च आपण ऐकला, आणि आता भोजनापूर्वीचा थोडा वेळ आमच्या स्वाधीन करण्यात आला आहे. अशा प्रसंगी शिक्षण, विवाहातील खर्च अथवा ज्ञातीचे संघटन यांवर बोलण्याचा प्रघात आहे. परंतु कार्यकारी मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही मुद्दाम निराळा विषय घेतला. त्याचे कारण उघड आहे. या सभागृहातील कुटुंबांत असे कुटुंब क्वचितच सापडेल की ज्यातील कोणाचाही कारखान्याशी संबंध नाही. कोणी पिंपरी-चिंचवडला प्रेसवर आहे, कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यात आहे, कोणी अंबरनाथला फिटर आहे, कोणी फोरमन होऊन निवृत्त झाला आहे; आणि कित्येकांनी स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढून पाचदहा माणसांच्या पोटापाण्याची सोयही केली आहे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी धडधाकट हातापायांनी घरी यावा, ही इच्छा प्रत्येक घराची असते. ती केवळ देवावर हवाला ठेवून पुरी होत नाही. ती कशाने पुरी होते, याचा विचार आज आपणांपुढे मांडावा असे योजले आहे.

आपला पूर्वापार धंदा तांब्यापितळेचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक उंबरठा तेवढा असे. कल्हई लावताना नवसागराचा धूर कोणत्या बाजूस जातो हे पाहून मगच बसावे, ओतकामाच्या साच्यात ओल राहू देऊ नये, हातोड्याचा दांडा सैल झाला असेल तर आधी पाचर मारावी आणि मग ठोका घालावा, हे नियम कोणत्याही पाटीवर लिहिलेले नव्हते. बाप मुलाला हाताला धरून ते शिकवी. काम करणारा, कामाची गती ठरविणारा आणि हत्यार विकत घेणारा हे तिघेही एकच असत. हत्यार बिघडले की काम थांबे, कारण थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाताला धोका होता त्याच्याकडेच होता.

आम्ही जुन्या काळाचे केवळ गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. त्या धंद्यातही शरीराची हानी होतीच. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांच्या अखंड आवाजाने जुन्या कारागिरांचे कान गेले, आणि आपण ते म्हाताऱ्या वयाच्या खाती मांडून मोकळे झालो. आज आपणांस ठाऊक आहे की तो वार्धक्याचा दोष नव्हता. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा एक व्यवसायजन्य रोग आहे, आणि कायद्याच्या सूचीतही त्याची तशी नोंद झालेली आहे. आठ तासांच्या पाळीत नव्वद डेसिबलच्या वर आवाज असू नये, असा दंडक आपल्याकडे कारखान्यांसाठी घालून दिलेला आहे. तात्पर्य, जुन्या कारागिराला धोका टाळण्याचा अधिकार होता, पण काही धोक्यांचे ज्ञान नव्हते. आज ज्ञान पुष्कळ वाढले आहे, परंतु अधिकार मात्र विभागला गेला आहे. यंत्र कोणते घ्यावे हे एकजण ठरवितो, दिवसाला किती नग निघावेत हे दुसरा ठरवितो, आणि यंत्रात हात घालतो तो तिसराच. या तिघांमध्ये बोलणे नसेल तर अपघात व्हावयास वेळ लागत नाही. आमच्या आजच्या सगळ्या विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे.

हे बोलणे सुरू व्हावे म्हणून आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे खटपट चालली आहे. हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ साली झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता आणि मुलांना कामावर घेण्याचे किमान वय त्याने सात वर्षे ठरविले होते. एवढ्यावरून त्याची धाव किती होती हे ध्यानी येईल. पुढे १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करविले. त्या निवेदनातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांस ठाऊक आहे, कारण ती सुट्टी १८९० च्या जूनमध्ये प्रत्यक्ष मिळाली. परंतु त्यातच आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी काढली जात नाही. कामावर जखमी झालेल्या माणसास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. ती कायद्यात उतरावयास १९२३ साल उजाडावे लागले. त्या साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कारखाने अधिनियम आणि राज्य विमा योजनेचा कायदा असे दोन्ही आले. फिरत्या यंत्रास कुंपण असावे, विषारी वायूच्या जागी परवान्यावाचून माणूस उतरू नये, मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असावा, असे पुष्कळ काही त्यांतून व पुढील दुरुस्त्यांतून सिद्ध झाले. १९६६ च्या ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर हिरवा झेंडा लागतो, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि बक्षीस वाटून पेढे दिले जातात. या समारंभाची आम्ही टिंगल करीत नाही. सणाने धर्माची आठवण राहते, तसेच हेही आहे. मात्र सण साजरा केला म्हणजे आचरण आपोआप घडते असे नाही. भिंतीवर कितीही सुंदर फलक लावला तरी प्रेसचा पट्टा झिजला आहे हे त्या फलकास दिसत नाही. ते दिसते प्रेसजवळ उभ्या असलेल्या माणसास. ‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण आपण दुःखाच्या संदर्भात वापरतो. कारखान्यात ती ज्ञानाच्या संदर्भात शब्दशः खरी आहे. कोणत्या झडपेतून वास येतो, कोणती शिडी हलते, क्रेनचा ब्रेक कोणत्या ओझ्याला घसरतो, हे इंजिनियरच्या आधी हेल्परला कळते. प्रश्न एवढाच की त्याला जे कळते ते वर पोचते काय, आणि वर पोचले तर त्याचे उत्तर येते काय.

ते पोचले नाही म्हणजे काय होते, याचे अत्यंत भीषण उदाहरण आपल्या देशातच घडले. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि झोपेत असलेली हजारो माणसे प्राणास मुकली. ही आपत्ती आकाशातून कोसळली अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगारांच्या संघटनांनी त्यावर आवाज उठविला होता. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून आपल्या लेखांतून शहराला सावध करण्याचा प्रयत्न चालविला होता. खर्च कमी करण्यासाठी माणसे घटविण्यात आली. द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद करण्यात आली होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. आणि वायू धुऊन निर्विष करणारे यंत्र त्या वेळी चालू नव्हते. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्यांनी ते वरिष्ठांस सांगितलेही. परंतु बारीकसारीक गळती ही तेथे नित्याचीच गोष्ट झालेली असल्याने, चहा घेऊन मग पाहू असे ठरले. चहा संपेपर्यंत टाकीतील दाब आवाक्याबाहेर गेलेला होता.

बंधुभगिनींनो, या हकिगतीत आम्हांस सर्वांत भयंकर वाटते ती गोष्ट वायूची नाही. डोळे चुरचुरणे ही तेथे सवयीची बाब होऊन बसली होती, ही ती गोष्ट होय. धोक्याची सूचना रोजचीच झाली की ती सूचना राहत नाही. आपल्या कारखान्यात, आपल्या वर्कशॉपमध्ये, किंबहुना आपल्या स्वयंपाकघरात अशी कोणती ‘रोजचीच’ गोष्ट आपण चालवून घेत आहो, याचा प्रत्येकाने विचार करावा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झालेल्या स्फोटांनी हा विचार महाराष्ट्राच्याही दाराशी आणून ठेवला आहे. त्या स्फोटांनी कारखान्याच्या भिंतीबरोबर भोवतालच्या घरांच्या काचाही फोडल्या.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात महत्त्वाची दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती असलीच पाहिजे आणि तीत कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असले पाहिजेत, असे तीत सांगितले गेले. जिवास तत्काळ धोका आहे असे वाटल्यास तसे कळविण्याचा हक्क कामगारास देण्यात आला. तत्पूर्वी १९७६ सालीच, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे मार्गदर्शक तत्त्व राज्यघटनेच्या त्रेचाळीसाव्या अनुच्छेदास जोडण्यात आले होते. आता तो १९४८ चा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सुरक्षिततेविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा, संरक्षणाची व्यवस्था अपुरी असल्यास प्रत्यक्ष किंवा समितीच्या सदस्यामार्फत म्हणणे मांडण्याचा, आणि तत्काळ धोका दिसल्यास मालकास व त्याच वेळी निरीक्षकासही कळविण्याचा हक्क या संहितेत नमूद आहे. हे हक्क आपल्या प्रत्येक तरुणास मुखोद्गत असले पाहिजेत. परीक्षेतील गुणांइतकेच त्यांचे मोल आहे.

येथे कोणी विचारील की हक्क आहेत, समित्या आहेत, मग अपघात का होतात? आमच्या अनुभवाप्रमाणे याचे कारण असे की बोलण्याचा हक्क कागदावर मिळाला तरी बोलण्याची हिंमत कागदावर मिळत नाही. कामगार गप्प बसतो यामागे त्याची कारणे असतात, आणि ती समजून घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही.

पहिले कारण दोषारोपाचे. अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिक या विमा व्यवसायातील गृहस्थाने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभरातील अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या असुरक्षित वर्तनामुळे होतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. कारण ज्या नोंदींवरून तो काढला होता त्या बव्हंशी वरिष्ठांनीच भरलेल्या होत्या, आणि वरिष्ठाने लिहिलेल्या कागदावर दोष खालच्या माणसाचा निघावा यात नवल ते काय! परंतु तोपर्यंत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द प्रत्येक अपघाताच्या अहवालात रूढ होऊन बसला. बोट तुटल्यावर ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहिले की चौकशी संपते. दहाव्या तासाला कोणाचेही लक्ष उडते हे ज्ञात असूनही यंत्र असे का ठेवले की लक्ष उडताच बोट जावे, हा खरा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

दुसरे कारण पैशाचे. नगावर मजुरी असेल तर प्रेसची दोन्ही हातांची बटणे ही कामगारालाच अडचण वाटू लागते. दोन्ही बटणे एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात, अशी ती युक्ती आहे. मग एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले जाते. मुकादम पाहतो आणि न पाहिल्यासारखे करतो, कारण त्यालाही संध्याकाळचा आकडा भरावयाचा असतो. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत बोटे गमावण्याचे प्रकार आजही घडतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हीच गोष्ट सापडते. काही ठिकाणी ‘अपघात न झाल्यास बोनस’ अशीही योजना असते. हेतू चांगला, परंतु परिणाम विपरीत. एकाच्या जखमेने सर्वांचा बोनस जाणार असेल तर जखम झाकली जाते, आणि अपघातांऐवजी अपघातांच्या नोंदी तेवढ्या कमी होतात.

तिसरे कारण कंत्राटी पद्धतीचे. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर, तो तक्रार कोणत्या बळावर करणार? टाकी साफ करणे, उंचावर रंग देणे, भट्टीची राख काढणे अशी जोखमीची कामे पुष्कळदा कंत्राटी माणसांच्या वाट्याला येतात; परंतु सुरक्षा समितीच्या टेबलाशी त्यांची खुर्ची बहुधा नसते. ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे त्यालाच विचारावयाचे नाही, अशी ही उलटी रीत आहे.

चौथे कारण सर्वांत साधे, आणि आमच्या मते सर्वांत प्रबळ आहे. ते म्हणजे बोलून उपयोग झाला नाही, हा पूर्वानुभव. आमच्या पाहण्यातील एका कारखान्यात सूचनांसाठी सुरेख पेटी लावलेली होती. पेटीला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे मात्र तीन खात्यांत विचारूनही कळले नाही. याउलट दुसऱ्या एका ठिकाणी एक साधी शंभर पानी वही दाराशी टेबलावर ठेवलेली आम्ही पाहिली. तीत चार रकाने होते: काय दिसले, कोणी लिहिले, काय केले, कोणत्या तारखेस केले. पहिले काही दिवस वही कोरीच राहिली. मग एका हेल्परने लिहिले की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तेल गळते. त्याच पाळीत फिटर पाठवून गळती बंद करण्यात आली, आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्यांत तसे लिहून खाली व्यवस्थापकाने सही केली. त्या सहीनंतर वही भरू लागली. सूचना करणाऱ्यास पारितोषिक दिले नव्हते, उत्तर तेवढे दिले होते. मागणी मान्य करणे प्रत्येक वेळी शक्य नसते. तथापि ‘अमुक कारणास्तव आज होत नाही, अमुक तारखेस होईल’ हेही एक उत्तर आहे. मौन मात्र उत्तर नाही.

असल्या वहीत विशेष महत्त्व असते ते थोडक्यात टळलेल्या प्रसंगांना. वरून पाना पडला, परंतु कोणाच्या डोक्यात पडला नाही. साखळी निसटली, परंतु खाली कोणी उभे नव्हते. अशा वेळी आपण देवाचे आभार मानतो आणि कामास लागतो. आभार अवश्य मानावेत, परंतु नोंदही करावी. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपले पूर्वज सांगून गेले. येथे तर ठेच लागण्याआधीच शहाणे होण्याची संधी असते. तीही दवडली तर मग ‘बैल गेला अन् झोपा केला’ याखेरीज दुसरे काही उरत नाही.

सहभागाचे दुसरे अंग म्हणजे एका पाळीचे ज्ञान दुसऱ्या पाळीस पोचणे. १९८८ च्या ६ जुलै रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल व वायू काढणाऱ्या मंचावर १६७ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे दोन पंप होते. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीस काढली, काम अपुरे राहिले म्हणून उघड्या नळीवर झाकण बसविले आणि परवान्याचा कागद कार्यालयात ठेवून दिला. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांस झडपेची वार्ता नव्हती. त्यांनी पहिला पंप सुरू केला, झाकणातून वायू फुटला आणि सर्वत्र आग पसरली. कागद होता, परवाना होता, नियम होते. नव्हते ते एका माणसाने दुसऱ्या माणसाशी समोरासमोर केलेले बोलणे. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला, त्याने परवान्यांच्या पद्धतीबरोबरच कामगारांच्या सहभागावरही भर दिला. आपल्याकडे पाळी सुटताना जी बससाठी धावाधाव होते ती पाहिली म्हणजे ही गोष्ट वारंवार आठवते. यंत्रापाशी उभे राहून पुढच्या माणसाला दोन वाक्ये सांगण्यास किती वेळ लागतो?

याच हेतूने चांगल्या कारखान्यांत कुलूप-पाटीची पद्धत आहे. यंत्र दुरुस्तीस घेतले की जितकी माणसे कामावर असतील तितकी कुलपे मुख्य स्विचवर लावावयाची, प्रत्येकाने आपली किल्ली आपल्याच खिशात ठेवावयाची. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत यंत्र सुरू होऊच शकत नाही. खुद्द जनरल मॅनेजरनेही सांगितले तरी नाही. कामगाराच्या सहभागाचे याहून मूर्त उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या प्राणाची किल्ली त्याच्याच खिशात असते.

उत्पादनाचे काय, असे आता काही मालकवर्गीय सभासदांच्या मनात आले असेल. त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. अल्कोआ ही अमेरिकेतील अॅल्युमिनियमची मोठी कंपनी. १९८७ साली तिची सूत्रे पॉल ओनील यांनी हाती घेतली आणि भागधारकांपुढील पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी सांगितले. ऐकणारे चक्रावले. तेथे शंभर कामगारांमागे वर्षाला १.८६ इतक्या दुखापतींमुळे कामाचे दिवस बुडत असत; ते प्रमाण २००० सालापर्यंत ०.२ वर आले, आणि त्याच काळात कंपनीचा नफाही पुष्कळ वाढला. यातील मर्म असे की अपघात टाळण्यासाठी काम कसे चालते हे खालपर्यंत जाऊन समजून घ्यावे लागते, आणि ते समजले की नासधूस, मोडतोड व खोळंबा हेही कमी होतात. आपल्याकडेही जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ सालीच आला, आणि १९५६ मध्ये तेथील कामगार संघटनेशी झालेल्या करारातून संयुक्त विचारविनिमयाची पद्धत पुढे आली. विचारल्याने मालकाचा मान कमी होत नाही, हे या दाखल्यांवरून सिद्ध आहे.

आता आपल्या ज्ञातीतील लहान उद्योजकांस दोन शब्द. आपल्या वर्कशॉपमध्ये दहाच माणसे असतील, कायद्याने समिती नेमण्याचे बंधनही नसेल. परंतु दहा माणसांचा कारखाना हेच एक कुटुंब. आठवड्यातून एकदा, शनिवारी काम संपण्यापूर्वी पंधरा मिनिटे सर्वांनी यंत्रांभोवती फिरावे आणि प्रत्येकाने एक तरी धोका दाखवावा. ज्याने दाखविला त्याला दम देऊ नये. ग्राइंडरचा चष्मा मागितल्यावर ‘आधी काम दाखव’ असे म्हणू नये. राज्य विमा योजना लागू असेल तर माणसाचे नाव पहिल्या दिवसापासून नोंदवावे. अपघातानंतर नोंदविलेले नाव कोणाच्याही कामास येत नाही.

कामगार बंधूंस आमची विनंती अशी की हक्काबरोबर कर्तव्यही तितकेच आहे. हेल्मेट फाटकाच्या आत येण्यापुरते नसते. यंत्राचे कुंपण काढून काम करण्यात मर्दुमकी नाही. आणि एक गोष्ट तर प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. टाकीत, खड्ड्यात किंवा गटारात उतरलेला सोबती बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे तसेच उडी मारून उतरू नये. हवेत एरवी प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू होतो, आणि वासावरून तो कळत नाही. एकास वाचविण्यास गेलेले दोघेतिघे एकामागून एक प्राणास मुकल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो. ते सारे शूर होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्यापाशी दोर, हवेची नळी आणि बाहेर उभा असलेला शिकविलेला माणूस असता, तर त्यांचे शौर्य त्यांच्या मुलांना पाहावयास मिळाले असते.

भगिनींनो, हा विषय आपलाही आहे. आज आपल्या कित्येक मुली स्वतः कारखान्यांत काम करीत आहेत, आणि इतर भगिनींच्या घरातील पुरुष तेथे जातात. घरी आलेल्या माणसास आपण पगार विचारतो, बढती विचारतो. ‘आज तेथे काही वावगे घडले काय?’ हेही कधीतरी विचारावे. लागोपाठ दोन पाळ्या करून आलेल्या माणसास तिसऱ्या दिवशी जादा कामाच्या पैशासाठी पुन्हा धाडू नये. थकलेला हात यंत्रास ओळखत नाही. सततचा खोकला, कानात येणारा नाद, हातावरील चट्टे यांना किरकोळ समजून घरगुती औषधावर भागवू नये. डॉक्टरकडे जाताना आपण कोणते काम करतो हे सांगण्यास विसरू नये. धुळीने व रसायनांनी होणारे कित्येक रोग केवळ एवढे न सांगितल्याने वर्षानुवर्षे ओळखले जात नाहीत.

सरतेशेवटी संस्थेस एक सूचना करावीशी वाटते. आपल्या ज्ञातीत नुकसानभरपाईचे व विम्याचे कागद भरू शकणारे वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त फोरमन व सुरक्षा अधिकारी आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना, पहिल्या नोकरीवर रुजू होण्यापूर्वी, या मंडळींनी एक दिवस द्यावा. यंत्र थांबविण्याची रीत, प्रथमोपचार, आपले हक्क, आणि वरिष्ठांस धोका सांगताना वापरावयाची सभ्य परंतु स्पष्ट भाषा, एवढे जरी त्या दिवशी शिकविले तरी पुष्कळ होईल. ज्या घरी दुर्दैवाने अपघात झाला त्या घरी सांत्वनास जाताना भरपाईच्या अर्जाचा नमुनाही बरोबर न्यावा. सांत्वनाचे शब्द चार दिवस पुरतात. अर्ज वेळेत गेला तर मुलांचे शिक्षण पुरे होते.

मालक, फोरमन आणि कामगार हे तिन्ही आज या एकाच सभागृहात, एकाच पंक्तीस बसणार आहेत, ही आपल्या ज्ञातिसंस्थेची मोठी पुण्याई होय. कारखान्यात या तिघांचे बोलणे होणे कठीण जाते. येथे ते सहज होऊ शकते. तेव्हा आजच्या भोजनाच्या पंक्तीतच शेजारच्यास विचारावे, ‘तुमच्या तेथे काय धोक्याचे आहे?’ आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.